रिकामी खुर्ची

रविवार, रात्री साडेअकरा

बेळगावहून आत्ताच खानापुरात पोचले. कुमार गंधर्व रंगमंदिरात एका हौशी संस्थेनं बसवलेलं तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ बघितलं. कॉलेजात वाचलं होतं, तेव्हा मी बेणारेबाईच्या बाजूनं वाचलं होतं. 1967 साली रंगभूमीवर आलेलं नाटक, म्हणून जुनं वाटेल अशी थोडी भीती होती. पहिल्या अंकातच ती गेली.

खेडेगावात प्रयोगाला आलेली मंडळी वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला उभा करतात. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. गंमत म्हणून सुरू झालेलं हळूहळू खरं होत जातं. गावातला साधाभोळा सामंत साक्षीला उभा राहतो आणि हातातल्या कादंबरीतलं ऐकवतो; कोर्टाला तेही पुराव्यासारखं चालतं, कारण सगळ्यांनी आधीच मनात ठरवून टाकलेलं असतं. बेणारेच्या पोटातल्या मुलाचे वडील, प्रोफेसर दामले, तर आलेलेच नसतात. ज्याला विचारायला हवं त्याची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी, आणि तिथं कुणाचं लक्षही जात नाही. शेवटी बेणारेला बोलायला दहा सेकंद मिळतात.

दहा सेकंद. मी तर तेवढेही दिले नव्हते.

गेल्या वर्षी आठवीच्या सहामाहीला गणिताच्या दोन पेपरांत एकच चूक सापडली. दोघांनीही 13 चा वर्ग 196 लिहिला होता आणि तिथून पुढचं सगळं उदाहरण ओळीला ओळ सारखं. एक मुलगा माझ्या ओळखीच्या घरातला, अक्षर मोत्यासारखं. दुसरा जंगलाकडच्या गवळीवाड्यावरून पायी येणारा. मी कुणाला बोलावलं असेल ते वेगळं लिहायला नको. ‘टीचर, मी बघितलो नाही,’ एवढंच तो म्हणाला, दोनदा. मी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं, ‘मी बघून लिहिलं.’ त्याला शेवटच्या बाकावर बसवलं. दुसऱ्याला एक शब्दही विचारला नाही.

आपल्या घटनेचं कलम 20(3) सांगतं की कुणाही आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. हे मी नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवते. फळ्यावर लिहून देते. आणि तेरा वर्षांच्या पोराकडून कबुलीजबाब घेतला तेव्हा हे कलम माझ्या ध्यानातही आलं नाही.

बसमध्ये खिडकीपाशी बसून परीक्षेची खोली डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होते. देसूरच्या पुढे कुठंतरी एकदम आठवलं: गवळीवाड्याचा मुलगा पुढच्या बाकावर होता, दुसरा त्याच्या पाठीमागं. पुढच्यानं मागच्याचं बघून लिहायचं तर सारखं वळून बघायला हवं. मी स्वतः त्या खोलीत होते. तो वळलेला मला आठवत नाही. हे मला तेव्हाही ठाऊक होतं, फक्त त्या दृष्टीनं मी बघितलंच नाही.

आता मागच्यानंच बघून लिहिलं असा निकाल देऊन मोकळं व्हायचं, असंही मी करणार नाही. तो दुसरा लुटुपुटूचा खटला होईल. मी दोघांना एकच चुकीचा पाढा शिकवला असेल, हेही शक्य आहे.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवायलाच हवी. इथं सीमाभागात आम्ही कळायला लागल्यापासून म्हणत आलो, आमचं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही. मराठी भाग कर्नाटकाकडे गेल्याची 1956 पासूनची ती तक्रार, महाराष्ट्राचा 2004 पासून सुप्रीम कोर्टात असलेला तो दावा. माझे वडील त्या विषयावर बोलताना आवाज चढवायचे, आणि मला तो चढलेला आवाज आवडायचा. न ऐकून घेतल्याचं दुःख घरातच असताना, आपल्याच वर्गातल्या एका पोराचं म्हणणं मी ऐकलं नाही. वाड्यावरच्या मुलाला एवढं गणित येणार नाही, हे मी कधी तोंडानं म्हटलेलं नाही. म्हणायची गरजच पडली नव्हती.

तो आता नववीत आहे. अजून शेवटच्याच बाकावर बसतो, मी सांगितलंय म्हणून. त्याचा तो कागद माझ्या कपाटात फाईलमध्ये आहे.

उद्या दुसऱ्या तासाआधी त्याला बोलावणार आहे, कागद सोबत घेऊन. प्रश्न एकही विचारायचा नाही. त्याला बसायला खुर्ची द्यायची.