चार शिट्ट्यांचा कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत कुकरच्या चार शिट्ट्या होतात. गंमत नाही, मोजलंय मी. सकाळी आधी कुकर चढवायचा, मग सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत येऊन बटण दाबायचं. पहिल्या शिट्टीला पडद्यावर निळी खिडकी, दुसरीला पासवर्ड, तिसरीला लेकीचा शाळेच्या गॅदरिंगमधला फोटो. चौथीला गॅस बंद करून आलं की माऊसचा बाण हलायला राजी झालेला असतो. त्यावर पेजमेकर, म्हणजे छपाईची पानं जुळवायचं सॉफ्टवेअर उघडायचं असेल तर खुशाल आमटी फोडणीला टाकून यावी.

शहापुरातल्या आमच्या या सोप्यात बसून मी लग्नपत्रिका जुळवते. बेळगावची पत्रिका म्हणजे एका अंगाला ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ आणि दुसऱ्या अंगाला तेच सगळं कन्नडात. मुलीकडचे खानापूरचे आणि मुलाकडचे गोकाकचे असले की आजोबांची नावं दोन्हीकडं सारखी आलीत का, हे चारदा बघावं लागतं. प्रत्येक वेळी पान उलटायला कॉम्प्युटर विचार करायला बसतो. तिकडून सासूबाई, “काय करुलालीस गं एवढा वेळ?”

लेक पुण्यात असते. तिचं एकच, “आई, नवीन घे. अकरा वर्षं झाली त्याला.” अकरा वर्षं खरीच. 2014 च्या दिवाळीत घेतला. पावती अजून आहे, तिच्यावर इंग्रजीत जुनं ‘बेलगाम’ छापलंय. त्यानंतर आठवड्याभरात, 1 नोव्हेंबरला, सरकारनं गावाचं नाव ‘बेळगावी’ केलं. गावाचं नाव बदललं तरी तोच गाव चालतो, मग यानं काय घोडं मारलंय?

घोडं मारलं होतं ते विंडोजनं. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा पाठिंबा संपला, म्हणजे त्याच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या बंद झाल्या, आणि विंडोज 11 आमच्या मशीनला दारातच उभं करीना. त्याला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो, आमचा चौथ्या पिढीचा आय थ्री. कचेरीतल्या कारकुनानं अर्ज परत पाठवावा तसं ‘तुमचा पीसी पात्र नाही’ म्हणून सांगितलं.

आता नवीन घ्यायला माझी ना नाही. पण माझा जीव अडकलाय फॉन्टांत. पेजमेकरची सातवी आणि शेवटची आवृत्ती 2001 सालची. तिच्यात मी जे जुने मराठी फॉन्ट वापरते, ते युनिकोडच्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसायची सोय झाली त्याच्या आधीचे. आत साठवलेली असतात इंग्रजी अक्षरं आणि खुणा, फॉन्ट त्यांना मराठीचं सोंग देतो. फॉन्ट नसलेल्या मशीनवर माझी फाईल उघडली तर ‘कुर्यात सदा मंगलम्’च्या जागी कंस, टक्के आणि उद्गारचिन्हांची भेळ दिसते. बारा-पंधरा वर्षांतल्या शेकडो पत्रिका अशा भेळीत जायच्या या भीतीनं मी ‘पुढच्या महिन्यात बघू’ म्हणत होते.

शेवटी मशीन रिक्षात मांडीवर घेऊन गणपत गल्लीजवळच्या दुरुस्तीवाल्याकडं गेले. हा माणूस फोनवर कन्नड बोलतो, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि स्क्रू मोजतो कन्नडात. म्हणाला, “ऐदु निमिष, वैनी.” ती पाच मिनिटं अर्ध्या तासाची होती. डबा उघडला तर आत राखेगत धूळ, पंख्यावर कापसाची गादी. वरच्या जाळीची भोकं साफ बुजलेली. त्याला मी बोलले नाही, पण सासूबाईंनी विणलेलं क्रोशाचं झाकण घातल्याशिवाय मी कधी मशीन सुरू केलं नव्हतं. बिचाऱ्याला वर्षानुवर्षं शालीत गुंडाळून पळवत होते.

मग त्यानं मशीन सुरू केलं आणि कुठला भाग किती कामात आहे ते सांगणारा टास्क मॅनेजर दाखवला. प्रोसेसर आठ-दहा टक्क्यांवर निवांत, आणि डिस्क 100 टक्के. “हा रिकामा बसलाय वैनी, ह्याला काम पोचेना झालंय.” आमच्या हार्डडिस्कमध्ये तबकडी मिनिटाला 7200 वेळा फिरते, आणि एक दांडी त्या तबकडीवर इकडून तिकडं धावून माहिती शोधते. तिच्या जागी हल्ली एसएसडी बसवतात, तिच्यात फिरायला काही नाहीच, सगळं चिपमध्ये.

माझे सासरे हातमागावर बसायचे. वडगाव-शहापुरात तेव्हा गल्लीगल्लीत माग. माग अडला म्हणून कुणी माग फेकला नाही. आडवा धागा इकडून तिकडं नेणारा धोटा कुठं अडतोय, ते बघायचे. दांडी म्हणजे धोटाच की, असं मला तिथं दुकानातच वाटलं आणि मी एसएसडीला होकार देऊन टाकला. वर 4 जीबी रॅमही वाढवली. ती डीडीआर थ्रीच लागते, नव्या रॅमची खाच वेगळ्या जागी असते, बसतच नाही. सगळे मिळून साडेचार हजार. ‘फॉरमॅट मारतो’, म्हणजे सगळं पुसतो, म्हणाला तेव्हा मात्र मी किंचाळलेच. त्यानं जुन्या डिस्कची आहे तशी नक्कल नवीवर उतरवली, फॉन्टांसकट.

लेक म्हणाली, “आई, विंडोजचं काय पण?” त्याला 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत मुदतवाढ मिळते, ती घेतली. म्हणजे निर्णय घेतला असं नाहीच, पुढं ढकलला. सीमाप्रश्नाचा दावा 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे. तारखेवर जगायची आम्हाला सवय आहे.

आता बटण दाबून कुकरकडं जावं, तर शिट्टी व्हायच्या आत पडद्यावर लेकीचा फोटो हजर. मीच घाईत. पहिल्या आठवड्यात दोनदा वरण करपलं.

जुनी हार्डडिस्क टाकवेना. कुंद्याच्या, म्हणजे आमच्या बेळगावी मिठाईच्या रिकाम्या डब्यात घातली, वर रबर लावलं आणि कपाटात सरकवली. परवा दुपारी सासूबाई तोच डबा मांडीवर घेऊन बसलेल्या.

“उघडूनशान बघितलं, तर लोखंड! वजनावरून म्हटलं अर्धा किलो तरी असंल.”