भावाचा रकाना

अकरा वर्षं मला वाटत होतं की मी धंद्याची झळ घरापर्यंत येऊ देत नाही. मग एकदा बायको सहज बोलून गेली, "तुमच्या गाडीच्या स्टँडवरूनच कळतं. खाडकन लावलं की मी पोरांच्या फीचा विषय काढत नाही." म्हणजे इतकी वर्षं घरातली सगळी माणसं संध्याकाळी सात वाजता कान टवकारून बसायची आणि मला पत्ताच नव्हता. त्या रात्री मला लवकर झोप लागली नाही.

मी ठिबक विकतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्यावर यावल, फैजपूर, सावदा, रावेर आणि दोन्ही बाजूंची गावं, एवढा माझा पट्टा. गिऱ्हाईक मुख्यतः केळीवाले. पाच बाय पाच फुटांवर लागवड असेल तर एकरी १७४० च्या आसपास खोडं आणि ओळीला एक धरली तरी अडीच हजार मीटरच्या वर नळी. त्यावर फिल्टर, खत सोडायची व्हेंच्युरी, व्हॉल्व्ह, जोडणी. रक्कम लहान नसते. अल्पभूधारकाला ठरलेल्या मापदंडाच्या ८० टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, पण आधी सगळे पैसे त्यानं घालायचे आणि मग सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या अर्जाकडे डोळे लावून बसायचं. त्यामुळे माझ्यासमोर बसलेला माणूस कितीही गोड बोलला, तरी त्याचा हात खिशाशी आवळलेला असतो. त्यात त्याचं काही चुकत नाही.

आमच्याकडे तोंडावर "नाही" कोणी म्हणत नाही. "पाहू ना भो" म्हणतात. "पोराले इचारतो" म्हणतात, आणि पोरगा तिथंच खाटेवर मोबाइल बघत बसलेला असतो. चहा पाजतात, केळीचे वेफर पुढं करतात, तुमचं गाव कोणतं, जात कोणती, पोरं किती, सगळं विचारून घेतात आणि मग म्हणतात, "भाव येऊ दे केळीले." फैजपूरचे एक म्हातारे बाबा तर मला म्हणाले होते, "१९३६ ले नेहरू आले व्हते काँग्रेसच्या अधिवेशनाले. आमच्या बापानं त्याह्यचंबी सगळं आयकलं, अन् घरी येऊन मनाचंच केलं. तू तं मंग ठिबकवाला." मी हसलो खरा, पण पुढच्या गावापर्यंत ते वाक्य हेल्मेटमध्ये घुमत होतं.

सुरुवातीच्या वर्षांत तिसरा "पाहू" ऐकला की चौथ्या शेताकडे पाय वळायचा नाही. निंभोऱ्याजवळ एका निंबाखाली गाडी लावून मी तास-तास बसलोय. एकदा तर बांधापर्यंत गेलो, मालक पाठमोरा केळीची पिलं कापत होता, हाक मारायची तेवढी बाकी होती, आणि मी गुपचूप परत फिरलो. साहेबांना सांगितलं, ऊन लागलं. मे महिना होता, पारा पंचेचाळीसवर, त्यामुळे खपून गेलं.

पण नकारानं माझं जेवढं नुकसान केलं, त्याच्या दुप्पट एका चांगल्या वर्षानं केलं. त्या वर्षी मृगबागेच्या, म्हणजे जूनमधल्या लागवडीच्या, आधी केळीला भाव असा काही चढला की मी गावात शिरायचा अवकाश, लोकच हात करून थांबवायचे. जूनच्या आत वर्षाचं टार्गेट झालं. कंपनीनं गोव्याला नेलं, स्टेजवर बोलावून शाल घातली. मी परत आलो तो वेगळाच माणूस. हप्त्यावर मोठी गाडी घेतली. फोन वाजला की आधी नंबर बघायचो, जुनं गिऱ्हाईक असेल तर वाजू द्यायचो. ज्यानं घेतलंय तो आता कशाला फोन करतोय, हा माझा हिशोब. नव्या पोरांना तर मी विक्रीची तत्त्वं सांगायला लागलो होतो. आठवलं की आजही कसंतरी होतं.

त्याच पावसाळ्यानंतर चिनावलजवळच्या एका आबांनी मला रस्त्यात गाठलं. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "भाऊ, जरा शेतात ये." बागेत एका अंगाला खोडं डोक्याच्या वर गेलेली आणि दुसऱ्या अंगाला कमरेएवढी, पानं पिवळट. मला आधी वाटलं हरण्या आला, म्हणजे व्हायरस. तोंड उघडणार तेवढ्यात आबा खाली बसले, नळीच्या टोकाची टोपी काढली आणि पोराला मोटर लावायला सांगितलं. आधी हवा आली. मग दुधासारखं पांढरं पाणी. मग चुन्याचे खडे, तांदळाएवढे, माझ्या बुटावर येऊन पडले. बोअरचं क्षाराचं पाणी, ड्रिपर चोकअप झालेले. दर आठवड्याला टोकं उघडून नळ्या धुवायच्या, अधूनमधून ॲसिड सोडायचं, हे विकताना सांगायचं काम माझं. ते मी सांगितलंच नव्हतं, कारण त्या दिवशी मला आणखी तीन ऑर्डरी घ्यायच्या होत्या. आबांनी मोबाइल पुढं केला. मला केलेले नऊ कॉल. मी उचललेला एकही नाही.

पुढच्या हंगामात त्या गावातून मला एक मीटर नळीचीही ऑर्डर आली नाही. भावही पडला होता. हप्ते मात्र चालू.

वहीचं सुचलं ते याच दिवसांत. आधीपासून मी डायरी ठेवायचो: गाव, कोणाला भेटलो, काय म्हणाला. त्याला एक रकाना जोडला, त्या दिवशीचा केळीचा भाव. रावेरचा आणि बऱ्हाणपूरचा. अक्कल लावून वगैरे नाही, शेतकरी पहिला प्रश्न तोच विचारतो म्हणून. वर्षभरानं पानं उलटत बसलो तेव्हा जे दिसलं ते पोटात गोळा आणणारं होतं. भाव दोन-तीनशेनं उतरला की पुढचा आठवडाभर सगळीकडे "पाहू". रमजानच्या तोंडावर उठाव आला की त्याच अंगणात, त्याच खाटेवर, "कधी बसवतो बोल." वादळानं घड जमिनीवर आडवे केले, तर महिनाभर पानं कोरीच. मी तोच, बोलणं तेच, शर्टसुद्धा बहुतेक तोच.

आधी हायसं वाटलं. म्हणजे इतके दिवस जो नकार मी अंगाला लावून घेत होतो, तो माझा नव्हताच. पण रकाना दोन्हीकडून वाचावा लागतो. मग गोव्याची शालही भावाचीच होती की! ही गोष्ट गिळायला मला नकारापेक्षा जास्त दिवस लागले. अजूनही एखाद्या चांगल्या आठवड्यात वाटतंच, नाही राव, थोडं तरी आपलं कसब असणार.

असेलही थोडं. पण वहीत ज्या कामाचा भावाशी काही संबंध दिसला नाही, ते काम एकच होतं: जुन्या गिऱ्हाइकाच्या शेतात जाऊन टोप्या काढून नळ्या धुवून देणं. ते मंदीतही होतं, तेजीतही होतं. म्हणून आता दिवसाची सुरुवात तिथूनच करतो. तासभर जातो, पँट गुडघ्यापर्यंत भिजते. त्यानंतर दोन "पाहू" ऐकले तर ऐकले. मोठी गाडी विकली, जुनी दुचाकी परत काढली. स्टँड अजूनही कधीमधी आपटतं. आपटलं की बायको आतूनच ओरडते, "वहीत लिहा आधी, मग घरात या."

चिनावलच्या आबांकडे महिन्यातून एकदा तरी जातोच. गेल्या आठवड्यात त्यांच्या सगळ्या नळ्या धुतल्या, पाणी स्वच्छ येईपर्यंत थांबलो. निघताना विचारलं, कांदेबागेला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या केळीला, नवीन नळी टाकायची का? आबांनी तंबाखू मळली, बागेकडे बघितलं.

"पाहू ना भो."

मी वही काढली, गाव लिहिलं, "पाहू" लिहिलं, पुढं भाव लिहिला. ऊन चढायच्या आत विवऱ्याला पोचायचं होतं.