जुनं घर, सतरा सह्या आणि गुळाचा चुना: माझा अनुभव

गोव्यात फोंड्याजवळचं आमचं मूळ घर नक्की किती जुनं ते कुणालाच सांगता येत नाही, पणजोबांच्याही आधीचं एवढंच माहीत. मधे राजांगण म्हणजे आतलं उघडं अंगण, त्यात तुळस, चारी बाजूंनी वसरी (ओसरी). लहानपणी गजबजलेलं असायचं, मग सगळे मुंबई-पुणे-पणजीला पांगले आणि कुलूप वर्षातून एकदा चवथीला, म्हणजे गणपतीत, उघडायचं. शेवटी मीच म्हटलं, चार खोल्या बेड अँड ब्रेकफास्टला देऊया, नाहीतर वाळवीच आमच्या आधी वाटणी करून घेईल.

लोक आधी गवंडी शोधतात, आधी कागद बघा. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा कागद) नाव अजून आजोबांचंच. आणि गोव्यात 1867 च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडपासून चालत आलेली पद्धत अशी की लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता समाईक, म्हणजे काकाची सही घेऊन भागत नाही, काकीचीही लागते, आत्यांना भावांइतकाच वाटा त्यामुळे त्यांचे यजमानही आले, असं करत करत मोजल्या तर सतरा सह्या! कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांच्या वाटणीची केस, घातली. सगळ्या वारसांची यादी, मालमत्तेची यादी, किंमत, आणि जमलंच नाही तर वारसांनी आपसात बोली लावायची. आमचं बोलीवर गेलं नाही ते ठाण्याच्या आत्यामुळे. ती म्हणाली, "देवघराकडे पाहुणे फिरकणार नसतील तर मी सही करते." तिने केली म्हटल्यावर बाकीच्यांनी पटापट केल्या.

मग काम सुरू, आणि तिथे मी माती खाल्ली. पहिल्या कॉन्ट्रॅक्टरने मागची भिंत सिमेंटने गुळगुळीत करून दिली, मी खूश, फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकले. पहिल्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, भिंतीला पोटं सुटली. बोटाने टकटक केलं तर आत पोकळ. एक ताटाएवढा पोपडा हातात आला, त्याच्या मागे पांढरी भुकटी, जिभेला लावली तर चक्क खारट (बायको म्हणाली हे तेवढं चाटायची गरज नव्हती). शेजारच्या गावातल्या म्हाताऱ्या मेस्ताला (गवंड्याला) बोलावलं, त्याने भिंतीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "चिरो उदक पिता, ताका भायर सोडूंक वाट दी." म्हणजे जांभा दगड जमिनीतलं पाणी ओढतो, चुन्याच्या गिलाव्यातून ते हळूहळू उडून जातं, सिमेंटने ते आत कोंडतं आणि मग क्षार गिलावा ढकलून पाडतात.

सगळं सिमेंट छिन्नीने खरवडून काढलं, एकच खर्च दोनदा. कळीचा चुना खड्ड्यात विझवून महिनाभर पाण्याखाली ठेवला, मग वाळू आणि गुळाचं पाणी घालून मळला, राजांगणात गुऱ्हाळासारखा वास, मुंग्यांची जत्रा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो त्यामुळे घाई चालत नाही, एक थर नीट बसल्याशिवाय दुसरा नाही, आणि पावसात तर नाहीच. म्हणजे ऑक्टोबर ते मे एवढेच महिने हातात. हे आधी कळलं असतं तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

छपराचं फार सांगत नाही, वासे बदलले, रिपा नव्या घातल्या, फुटलेल्या मंगलोरी नळ्यांच्या (कौलांच्या) जागी पाडलेल्या घरांतले जुनेच आणले. शिंपल्यांच्या खिडक्यांनी मात्र रडवलं. काच महाग होती त्या काळी पातळ चपटे शिंपले लाकडी पट्ट्यांत सरकवून बसवायचे, उजेड आत येतो तो दुधासारखा. आता बदली शिंपले मिळेनात, म्हणून कोठीच्या खोलीतली खिडकी सोडवून पुढच्या खिडक्यांना ठिगळं लावली.

पर्यटन खात्याची नोंदणी म्हणजे फाईल, झेरॉक्स आणि "उद्या या", होऊन जाते. परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती सरकारी ऑनलाइन फॉर्ममध्ये भरायची (पूर्वी याला सी फॉर्म म्हणत) हे मात्र विसरू नका. नाश्त्याला आई पातळ भाजी आणि उंडे (गोव्याचे गोल पाव) देते, कधी तवसाळी, म्हणजे काकडीचा गोड केक. चवथीचे दिवस बुकिंग बंद, कितीही पैसे दिले तरी, कारण सतरापैकी निम्म्या सह्या तेव्हा घरी येतात.

गेल्या डिसेंबरमध्ये एका पाहुण्याला देवघरासमोर टांगलेली माटोळीची लाकडी चौकट दिसली (चवथीला गणपतीच्या वर हिच्यावर फळं-पानं बांधतात). त्याने तिच्यावर ओला टॉवेल वाळत घातला, आणि शेजारी चड्डी. आईने एक शब्द न बोलता काठीने दोन्ही उतरवलं आणि अख्खी वसरी धुऊन काढली. आता प्रत्येक खोलीत कपडे वाळवायचा स्टँड आहे. ठाण्याच्या आत्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.