ह्यात बास कोण वाजवतंय?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय, कारण हा प्रश्न मला सारखा येतो. घरी कुणी आलं की मी जॅझ ऑर्गनवादक जिमी स्मिथचा 'बॅक ॲट द चिकन शॅक' हा अल्बम लावतो आणि दोन-तीन मिनिटांत कुणीतरी म्हणतंच, बास काय मस्त आहे, कोण आहे हा?

बासवाला, म्हणजे खालचे जाड सूर वाजवणारा, नाहीचे ह्या रेकॉर्डवर! तो जिमी स्मिथचा डावा हात आहे, अख्खी बासलाइन त्या हातात, आणि खाली पेडलवर पायाने मधेमधे नुसती टाप देतो, त्यामुळे तार छेडल्यासारखा ठोका येतो, आणि हे चालू असताना उजवा हात वर स्वतःचं वेगळंच गातोय.

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातला, पायाने भाता मारायचा तो आठवतो. हा हॅमंड, विजेवरचा, आत दातेरी चाकं फिरून सूर तयार होतो आणि लेस्ली नावाच्या फिरत्या स्पीकरमधून येतो म्हणून थरथरतो. पाइप ऑर्गनपेक्षा खूप स्वस्त, त्यामुळे अमेरिकेत काळ्या लोकांच्या चर्चमध्ये रुजला, ती भजनासारखी आर्तता सोल जॅझमध्ये, म्हणजे ह्या असल्या चर्च-ब्लूजच्या ढंगाच्या जॅझमध्ये, तिथूनच आलीय.

आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे की हॅमंडला श्वास घ्यावा लागत नाही, पट्टी दाबून ठेवली की सूर चालूच. टेनर सॅक्सोफोनवर पिट्सबर्गचा स्टॅन्ली टरेंटाइन, जाड, ऊबदार, ब्लूजमध्ये मुरलेला आवाज, पण माणूसच तो, दम घ्यायला थांबतो, आणि तेवढ्या फटीत ऑर्गन हळूच पुढे सरकतो. 'मायनर चँट' ही टरेंटाइनचीच रचना, तिथे हे नीट ऐकू येतं. गिटार केनी बरेल, ड्रम्स डोनाल्ड बेली, दोघंही कुठे गर्दी करत नाहीत.

रेकॉर्डिंग २५ एप्रिल १९६०, न्यू जर्सीत रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत, आणि त्याच दिवशी 'मिडनाइट स्पेशल' हा दुसरा अल्बमसुद्धा झाला (तो आला १९६१ मध्ये, हा १९६३ मध्ये). एका दिवसात दोन, मला अजून खरं वाटत नाही.

तर आता हेडफोन लावा आणि ह्याच रेकॉर्डवरचं 'मेसी बेसी' ऐका, १२ मिनिटांच्या वर आहे, पहिल्यांदा फक्त स्मिथचा डावा हात कानात धरून ठेवा. सॅक्स आला की लक्ष तिकडे जाणारच, जाऊ द्या, आणि मग परत खाली या, तो हात तिथेच चालत असेल.