संस्थापकाचा फोन दिवसभर बंद राहिला तर?

शेतीतल्या तंत्रज्ञानाची कंपनी किती पिकली आहे हे तिच्या प्रेझेंटेशनवरून कळत नाही. जुलैअखेर, पावसाने ओढ दिलेली असताना, संस्थापकाचा फोन एक दिवस बंद ठेवावा आणि काय काय अडतं ते मोजावं. यवतमाळ, वर्धा, अमरावतीकडे मातीचा ओलावा मोजणारं यंत्र किंवा फवारणीचा सल्ला देणारं ॲप घेऊन उतरलेली पोरं हुशारच असतात. सर्किट स्वतः जोडतात, कोड स्वतः लिहितात, कास्तकाराशी बोलतातही स्वतःच. पहिली पन्नास यंत्रं याच बळावर लागतात. पाचशेव्या यंत्रापर्यंत तोच माणूस सगळ्या कामाच्या तोंडाशी आडवा बसलेला असतो.

नेहमीची तक्रार घ्या. "भाऊ, वावर ओलं हाये अन् तुमचं यंत्र कोरडं सांगून राह्यलं." इंजिनिअर संस्थापक लगेच लॅपटॉप उघडतो, कॅलिब्रेशनचा, म्हणजे मोजमाप जुळवून घेण्याचा, आकडा बदलतो आणि झालं म्हणतो. पण दोष बहुतेक वेळा कोडात नसतो. आपली काळी माती वाळली की आकसते, भेगा पडतात, आणि सेन्सरच्या पात्याभोवती बारीक फट तयार होते. या यंत्रांतला कपॅसिटिव्ह सेन्सर आजूबाजूच्या पदार्थाचा परावैद्युतांक मोजतो, म्हणजे विजेच्या क्षेत्राला तो पदार्थ किती प्रतिसाद देतो ते. पाण्याचा तो साधारण ८०, हवेचा १. पात्याला हवा चिकटली की माती ओली असूनही आकडा कोसळतो. उलटही होतं: सर पडली की पाणी भेगेतून थेट सेन्सरवर उतरतं, यंत्र वावर तुडुंब दाखवतं आणि मुळांजवळची माती कोरडीच असते. आता सगळ्या यंत्रांचा आकडा सरसकट बदलला, तर नीट चालणारीही बिघडतात.

उपाय यंत्र बसवण्याच्या पद्धतीत आहे. त्याच खड्ड्यातली माती पाण्यात कालवून तिचा चिखल पात्याभोवती भरायचा. वायर सरळ वर न काढता हातभर आडवी पुरायची, म्हणजे पाणी तिच्या कडेने आत उतरत नाही. एक सेन्सर १५ सेंटिमीटरवर, दुसरा ३० वर. बसवून झाल्यावर त्याच खोलीची मूठभर माती दाबून बघायची आणि आकड्याशी ताडून घ्यायची. भेगा पडायला लागल्या की पुन्हा जाऊन चिखल भरायचा.

हे काम वावरात उभा असलेला कंपनीचा पोरगाच करू शकतो. म्हणून संस्थापकाने त्या दिवशी कोडाला हात न लावता दोन गोष्टी कराव्यात. ही पद्धत एका पानावर, फोटोंसह, मराठीत लिहून द्यावी. आणि त्या पोराला मुभा लिहून द्यावी: समजा ३,००० रुपयांपर्यंतचा सेन्सर न विचारता बदल, संध्याकाळी फक्त कळव. मुभा तोंडी दिली तर ती नसल्यातच जमा, कारण पहिल्यांदा खर्च झाला की "मला विचारलं का नाही?" हा प्रश्न येतो आणि पोरगा पुढच्या वेळेपासून प्रत्येक नटबोल्टसाठी फोन करतो. एखादा सेन्सर विनाकारण बदलला जाईल. जाऊ द्या. तालुक्याच्या गावाहून वावरापर्यंत दुसऱ्यांदा जाण्याचं पेट्रोल आणि कास्तकाराचा गेलेला दिवस त्याहून महाग पडतो.

दुसरा अधिकार द्यायला जड जातो, कारण तो संस्थापकाच्या वर बसतो. सल्ला देणाऱ्या कंपनीत कृषी पदवीधराला नकाराधिकार हवा: त्याने थांबवलेला मेसेज मालकालाही पाठवता येऊ नये. वरुड-मोर्शीकडे आंबिया बहारासाठी, म्हणजे हिवाळा सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, संत्र्याची बाग हिवाळ्यात मुद्दाम ताणावर सोडतात. पाणी तोडलं की झाडाची वाढ थांबते आणि पुढे पाणी सुरू केल्यावर फूल येतं. ओलाव्याची एकच मर्यादा ठरवलेलं ॲप नेमकं त्या दिवसांत "पाणी द्या" म्हणून सांगतं. नव्या माणसाने ऐकलं तर बहार फुटायचा तसा फुटत नाही. जुना बागायतदार हसतो आणि ॲप काढून टाकतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने यात कुठेच चूक नसते, म्हणून टेस्टिंगमध्ये ती सापडतही नाही.

फवारणीचा सल्ला तर याहून नाजूक. गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग ३ दिवस रोज सरासरी ८ पतंग, किंवा १० टक्के फुलं-बोंडं किडलेली, ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे तिथे पोचल्यावरच फवारायचं. एका रात्री ९ पतंग आले म्हणून नोटिफिकेशन सोडणारा कोड लिहायला सोपा असतो आणि त्याने ॲप उघडण्याचं प्रमाणही वाढतं. पण २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले. इथे "फवारा" हा शब्द पाठवणं हलकं काम राहिलेलं नाही. मात्रा, वाऱ्याची दिशा, हातमोजे-मास्क हे त्याच मेसेजात गेलं पाहिजे, आणि औषध कंपनीने पैसे देऊन आपलं नाव त्यात घालायला सांगितलं तर नकार कोण देणार हे आधीच ठरलेलं हवं. ऐन हंगामात खात्यात खडखडाट असताना हा निर्णय घ्यायला बसलं, तर तो कुठल्या बाजूने लागेल हे उघड आहे.

खडखडाट का होतो? पगार दर महिन्याला द्यावा लागतो, कास्तकाराकडे पैसा दर महिन्याला येत नाही. समजा पगार, भाडं, सिमकार्डं, पेट्रोल मिळून महिन्याला ४ लाख जातात. एप्रिल ते सप्टेंबर म्हणजे २४ लाख, शिवाय सुटे भाग मार्चमध्येच मागवावे लागतात, नाहीतर पेरणीआधी यंत्रं तयार होत नाहीत. कास्तकार जूनमध्ये बियाण्या-खतात अडकलेला असतो. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, कापसाचा पैसा दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. वर्गणी जूनमध्ये मागणाऱ्याला "बघू भाऊ" ऐकावं लागतं. नोव्हेंबर ते जानेवारीत पुढच्या हंगामाची आगाऊ वर्गणी सवलतीत घेणारा तरतो. १३ आठवड्यांचा तक्ता करून दर सोमवारी बघायचा: येणार किती, जाणार किती, ७ तारखेचा टीडीएस, २० तारखेचा जीएसटी. शासकीय योजनेतलं बिल मंजूर झालं तरी खात्यात पडेपर्यंत तक्त्यात शून्यच. हिशेब सांभाळणाऱ्यालाही लेखी अधिकार हवा: शिल्लक तीन महिन्यांच्या खर्चाखाली गेली की नवी खरेदी त्याच्या सहीशिवाय होणार नाही, संस्थापकाची हौसेची खरेदीसुद्धा.

माणसं वाढली की कायदाही बदलतो. १० कर्मचारी झाले की २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंध कायद्याखाली अंतर्गत समिती लागते, २० झाले की भविष्य निर्वाह निधी. यात नेतृत्वाचं फार काही नाही. तारीख पाळा, बास.

कठीण असतं ते वाईट बातमी वेळेवर मिळणं. आपल्याकडे "सर" म्हटलेल्या माणसाला कोणी अप्रिय सांगत नाही. मीटिंगमध्ये "सगळं ठीक आहे जी" आणि बाहेर चहाच्या टपरीवर खरी हकिकत. म्हणून साप्ताहिक बैठकीत प्रत्येकाने बिघडलेलं एक काम आधी सांगायचं, संस्थापकापासून सुरुवात. सांगणाऱ्याला तिथल्या तिथे झापलं की पुढचे सहा महिने सगळं ठीकच असतं. महिन्यातून दोनदा प्रत्येकाशी अर्धा तास एकट्याने बोलावं, कामाच्या यादीशिवाय. पुण्याची नोकरी हाती आलेला पोरगा राजीनाम्याआधी तिथेच काहीतरी बोलून जातो.

कोडाचं काय करायचं? लिहायचा असेल तर लिहा, पण तुमच्या मंजुरीवाचून काही अडायला नको. आणि हंगामात सगळ्या यंत्रांवर एकदम नवं फर्मवेअर (यंत्राच्या आतला प्रोग्रॅम) कोणीच सोडायचं नाही. आधी ऑफिसजवळची १०, तीन दिवस बघायचं, मग १००, मग उरलेली. मागे फिरण्याची सोय नसलेलं अपडेट जाऊच द्यायचं नाही. नेटवर्क तुटक असलेल्या गावात अर्धवट उतरलेलं अपडेट यंत्र मुकं करतं आणि ते उठवायला चिखलातून माणूस पाठवावा लागतो.

काहींना हे सगळं करण्यात रस नसतो, त्यांचा जीव तंत्रातच असतो. तेही चालतं. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे संस्थापक श्रीधर वेंबू जानेवारी २०२५ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडून मुख्य वैज्ञानिक झाले आणि कारभार सहकाऱ्याकडे गेला. दोन्ही खुर्च्या अडवून बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

वावरात जाणं मात्र सोडू नये. महिन्यातून दोन दिवस, लॅपटॉप आणि स्क्रू ड्रायव्हर घरी ठेवून. दुरुस्ती करायची नाही, बघायचं: सोलर पॅनेलवर धूळ किती, वायर उंदराने कुरतडली का, डवरणीत यंत्राचा खांब वाकला का. मग तालुक्याच्या कृषी केंद्रावर तासभर बसावं. तुमचा ग्राहक तिथे औषध घ्यायला येतो तेव्हा ॲप उघडून दाखवतो, की दुकानदारालाच "काय मारू?" विचारतो, ते टिपून घ्यावं आणि सोमवारच्या बैठकीत बिघडलेलं काम म्हणून आधी तेच सांगावं.