आमचा कोच दुसरीकडे जिंकतो

आमच्या फुटबॉल टीमच्या, एफसी गोवाच्या कोचचा विषय निघाला की मी आधी ही यादी म्हणून दाखवतो, भांडण मग. सर्जिओ लोबेरा अडीच वर्षं आमच्याकडे होता, आयएसएल (इंडियन सुपर लीग) कप काही मिळाला नाही. तो मुंबई सिटीला गेला आणि पहिल्याच मोसमात, २०२०-२१ मध्ये, शील्ड (लीगमध्ये पहिला येणाऱ्याची) आणि कप (शेवटची फायनल जिंकणाऱ्याचा) दोन्ही घेऊन बसला. वाटेत सेमीफायनलला कुणाला हरवलं? आम्हालाच, पेनल्टी शूटआउटमध्ये. हुआन फेरांडो डिसेंबर २०२१ मध्ये मोसम अर्ध्यावर टाकून कोलकात्याला एटीके मोहन बागानकडे गेला. मार्च २०२३ मध्ये त्यानं कप उचलला, तोही फातोर्ड्याला, आमच्याच मैदानावर. मानोलो मार्केझ उलट्या दिशेनं आला. त्यानं २०२२ मध्ये हैदराबादला कप मिळवून दिला (फायनल पुन्हा फातोर्ड्यालाच!) आणि पुढच्या वर्षी तो आमच्याकडे आला. म्हणजे हे लोक यायच्या आधी जिंकतात, गेल्यावर जिंकतात. मधल्या काळात आम्ही त्यांना शिव्या घालतो.

बेळगावात राहून टीम गोव्याची कशी, असं बाहेरचे विचारतात. इथलं कोणी विचारत नाही. बेंगळुरू इथून पाचशे किलोमीटर. जांबोटी, कणकुंबी मागे टाकून चोर्ला घाट उतरलं की गोवा. आमच्या भाजीच्या गाड्या रोज घाट उतरतात, कॅम्पातल्या कितीतरी घरांचे सोयरे मडगाव-म्हापशाला आहेत. म्हादईच्या पाण्यावरून दोन सरकारं भांडतात ती ज्या कणकुंबीजवळच्या कामावरून, तिथूनच आमची गाडी खिडकीला नारंगी स्कार्फ अडकवून जाते. राहिला राज्याचा प्रश्न, तर तो २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. निकालाची वाट कशी बघायची हे बेळगावकराला कोणी शिकवायला नको.

गोव्याचं कपाट रिकामं आहे असंही नाही. २०१९ चा सुपर कप आहे, २०१९-२० ची लीग शील्ड आहे, २०२१ चा ड्युरंड कप आहे, मे २०२५ मध्ये भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून पुन्हा सुपर कप आणला. नाही तो फक्त आयएसएलचा कप. तोच का लागतो म्हणाल तर दोनदा फायनल हरलोय म्हणून. एकदाही फायनल गाठली नसती तर आम्ही समाधानी माणसं असतो. २०१६ ला टीम तळाला, आठव्या नंबरला गेली तेव्हा आमच्या कट्ट्यावर तेव्हाच्या कोचला, झिकोला, कोणी वाईट बोललं नाही. ‘बिचारा, काय करणार’ इतकंच. २०२४-२५ च्या मोसमात ४८ गुण घेऊन दुसरे आलो, तर मानोलोला हाकला म्हणून सगळे बोंबलत होते. दुसऱ्या नंबरचा राग तळाच्या रागापेक्षा फार मोठा असतो, हे मी इतक्या वर्षांत बघितलंय.

रागाला कारणंही तशीच आहेत. २०१५ ची फायनल फातोर्ड्याला, चेन्नईयिनसमोर. ८७ व्या मिनिटाला आम्ही २-१ पुढे. नव्वदाव्या मिनिटाला स्वतःच्याच गोलकीपरकडून गोल, त्यानंतर लगेच मेंडोझाचा गोल, २-३. २०१९ ची फायनल मुंबईत, बेंगळुरूसमोर. जादा वेळेत अहमद जाहूला लाल कार्ड, दहा जणांवर खेळताना ११७ व्या मिनिटाला राहुल भेकेचं हेडर. २०२४ ची सेमीफायनल, मुंबई सिटी, पुन्हा फातोर्डा. या रात्रीबद्दल जरा सविस्तर सांगायला पाहिजे.

बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिस यांच्या गोलांवर २-० होतं. आमच्याकडे टीव्हीसमोर मी, पुतण्या आणि आईचे भाऊ, म्हणजे मामा. मामा एके काळी रोज संध्याकाळी पोरांना फुटबॉल शिकवायचे. पगार नाही, बूट स्वतःच्या पैशाचे, आणि हरल्यावर पोरांच्या बापांची बोलणी फुकट. ऐंशी मिनिटं झाली तसे मामा खुर्चीच्या कडेला आले. म्हणाले, "हे मागं सरकूलेत बघ." पुतण्यानं मोबाइलवर दुसऱ्या लेगची, म्हणजे परतीच्या सामन्याची, तिकिटं कुठं मिळतात ते बघायला घेतलं होतं. नव्वदाव्या मिनिटाला मुंबईच्या छांगटेचा गोल. पुढच्या मिनिटाला विक्रम प्रताप, २-२. आणि सहा मिनिटं जादा झाल्यावर परत छांगटे. २-३. नव्वदाव्या मिनिटापर्यंत जिंकत असलेला सामना सात मिनिटांत गेला. आतून बायको विचारते, "किती झाले?" तिला कोणी उत्तर दिलं नाही.

मग मामा बोलले. "कोच बरा हाय रे. खरं, शेवटची दहा मिनटं कुणी खेळायची हे त्यानं सत्तराव्या मिनटाला ठरवायला पाहिजे. नव्वदाव्याला काय ठरवतो?"

पुतण्याचं म्हणणं वेगळं. त्याच्या मते अशा टीमचा कोच बदललाच पाहिजे, कारण पोरांच्या डोक्यात हरायची भीती बसलेली असते आणि ती नवा माणूसच काढू शकतो. मी त्याला विचारलं, २०१५ च्या टीममधला २०२४ च्या त्या सेमीफायनलला कोण होता? झिको, लोबेरा, मानोलो, तिघांचे देश वेगळे नाहीतर पद्धती तरी वेगळ्या, खेळाडू वेगळे. मग भीती कुणाच्या डोक्यात बसली? ती बसलीय आपल्या, स्टँडातल्या लोकांच्या डोक्यात. ८५ व्या मिनिटाला सगळं फातोर्डा घड्याळाकडं बघायला लागतं. ते खाली मैदानात पोचत नसेल असं मला वाटत नाही.

मी उद्यमबागेत फौंड्रीत सुपरवायझर आहे. तिथं कास्टिंग रिजेक्ट झालं की पहिल्यांदा मोल्डरला शिव्या बसतात, कारण साचा त्याच्या हातचा आणि तो समोर उभा असतो. तपासल्यावर ब्लोहोल, म्हणजे आत हवेच्या पोकळ्या, निघतात. ते का, तर वाळूत ओल जास्त. वाळूचं मिश्रण करणारं खातं वेगळं, तिथं कोणी बोलत नाही. तुम्ही मोल्डर बदला, दुसऱ्या दिवशी तेच ब्लोहोल. गोव्यात मला तेच दिसतं.

जानेवारी २०२०. टीम लीगमध्ये पहिल्या नंबरला, लीगचे मोजके सामने उरलेले, आणि क्लबनं लोबेराला काढलं. क्लिफर्ड मिरांडाच्या हाताखाली टीमनं जमशेदपूरला पाच गोल घातले, शील्ड घेतली, त्यातून आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत जाणारा पहिला भारतीय क्लब झाला. हे सगळं चांगलंच झालं. पण लगेच सेमीफायनलला चेन्नईत ४-१ मार खाल्ला. परतीच्या सामन्यात ४-२ जिंकून काही उपयोग झाला नाही, एकूण ६-५. उन्हाळ्यानंतर लोबेरा मुंबईला, आणि त्याच मोसमात मुर्तदा फॉल, जाहू, ह्युगो बूमूस आणि आमचा मंदार राव देसाई हेही मुंबईला. म्हणजे मुंबईनं जिंकला तो कप बऱ्यापैकी आमच्याच हाताचा होता. पुढं २०२४ च्या त्या सेमीफायनलनंतर ब्रँडनसुद्धा मुंबईला गेला, नोआ सदावी केरळला. मानोलोनं मोसम सुरू केला तो त्यांच्याशिवाय, आणि तरी दुसरा आला.

चाहत्यांचं हे एक समजत नाही. आम्हाला कोच पाहिजे तो लोबेरासारखा खेळ करणारा, कारण आमच्या स्ट्रायकर कोरोच्या दिवसांत गोव्याचा बॉल जमिनीवरनं असा फिरायचा की हरताना बघायलाही मजा यायची. खरं, शेवटच्या दहा मिनिटांत तोच कोच एकदम दगड झाला पाहिजे, बॉल उचलून स्टँडात टाकणारा. गोव्याची पोरं खेळवली पाहिजेत, पण चुका करता कामा नयेत. एकाच माणसात हे सगळं असतं तर तो इथं कशाला आला असता?

२०२५ ची सेमीफायनल ६ एप्रिलला, रविवारी, रामनवमीला. बायको म्हणाली, "सणाला घर सोडून हरायला चाललात." गाडी केए-२२. सामना बेंगळुरूशी. पार्किंगवाल्या पोरानं नंबर बघितला आणि सरळ पाहुण्या टीमच्या स्टँडाकडं बोट केलं. पुतण्यानं खिडकीतून स्कार्फ हलवला तरी त्याचा विश्वास बसेना. कर्नाटकची गाडी, आत मराठी बोलणारी माणसं, पाठिंबा गोव्याला. त्याच्या जागी मी असतो तर मीही ओळखपत्र मागितलं असतं.

पहिला लेग बेंगळुरूत २-० हरलेलो. बोर्हा हेरेराचा गोल, मग ८८ व्या मिनिटाला सादिकूचा. एकूण २-२. मैदान उभं राहिलं. मामा शेजारी होते, ते मात्र बसूनच. ९२ व्या मिनिटाला बेंगळुरूच्या सुनील छेत्रीनं डोक्यानं बॉल आत घातला.

या छेत्रीनं आंतरराष्ट्रीय निवृत्ती घेतली होती. त्याला मार्चमध्ये भारताच्या टीममध्ये परत आणलं कुणी? राष्ट्रीय कोच मानोलो मार्केझनं. तेव्हा तो दोन्ही नोकऱ्या करत होता, इकडं गोवा, तिकडं देश. परतताना चोर्ल्यात धुकं, गाडी वीसच्या वर जाईना, आणि मागच्या सीटवर पुतण्या एकच मुद्दा उगाळत होता की स्वतःच्या कोचनं उठवून बसवलेल्या म्हाताऱ्यानं स्वतःच्याच कोचला घालवलं. खानापूर तालुक्याच्या हद्दीत आल्यावर मामांनी त्याला गप्प केलं: "तो छेत्री हाय. त्याला कोण उठवायला लागत नाही."

मानोलोच्या त्या दोन नोकऱ्यांचा हिशोब मात्र बघण्यासारखा आहे. तोच माणूस, तेच वर्ष. क्लबसोबत लीगमध्ये दुसरा आणि सुपर कप. देशासोबत आठ सामन्यांत एक विजय, मालदीवविरुद्ध, आणि जूनमध्ये हाँगकाँगकडून हार. जुलैत त्यानं आणि फेडरेशननं ते नातं मोडलं आणि तो गोव्यातच राहिला. कोचच सगळं करतो असं मानणाऱ्यानं मला सांगावं की यातला खरा मानोलो कुठला. क्लबमध्ये त्याला रोज सकाळी पोरं मिळतात, देशाच्या टीमला मधूनच थोडे दिवस. कोचचं काम बरंचसं या रोजच्या सकाळींत होतं, आणि त्या सकाळी आपल्याला दिसत नाहीत. आपल्याला दिसतो टचलाइनवरचा माणूस.

म्हणून मी मानोलोकडून कप मागत नाही. तो माझ्या डोळ्यांदेखत हैदराबादला जिंकून झालाय, कप कसा जिंकायचा हे त्याला माहीत आहे. मी मागतो ते मामांचं: सत्तराव्या मिनिटाचा निर्णय. पुढं असताना बेंचवरनं येणारा माणूस बॉल धरून ठेवणारा असावा, नुसता पळणारा नको. कॉर्नरच्या वेळी कोण कुणाला धरणार हे नक्की असावं. हे त्याच्या हातात आहे आणि यावर त्याला बोललेलं मला चालतं. आणि क्लबकडून मागतो ते असं की उन्हाळ्यात आपली टीम दुसऱ्याच्या घरी पाठवू नका. यावर स्टँडात बॅनर कधी लागलेला मी बघितला नाही. ‘कोच बदला’चे मात्र लागतात.

२०२५ मध्ये पुढं तर आयएसएल सुरू कधी होणार हेच ठरलेलं नव्हतं. आयोजकांनी जुलैत मोसम थांबवून ठेवला होता, कराराचं भांडण कोर्टाच्या दारात होतं. मध्ये ऑगस्टमध्ये गोव्यानं ओमानच्या अल-सीबला २-१ हरवलं आणि एएफसी चॅम्पियन्स लीग टू मध्ये जागा घेतली, गटात रोनाल्डोचा अल नासर. तेव्हापासून माझा फोन थांबेना. ज्यांनी जन्मात गोव्याचा सामना बघितला नाही, फौंड्रीतले, शहापुरातले, बायकोच्या माहेरचे, सगळ्यांना रोनाल्डोचं तिकीट पाहिजे होतं. त्यांची कोचकडून काही अपेक्षा नव्हती. मामांना तिकिटाचं विचारलं तर म्हणाले, येतो, खरं आधी सांग, ब्रँडन गेल्यापासून पुढं असताना बॉल धरून ठेवायला ह्यांनी कुणाला तयार केलंय?

पुतण्यानं तीन नावं सांगितली. मामांनी तिन्ही खोडली.