नाताशाचं गाणं

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही म्हणून निरोप आला आणि पहिल्यांदा आठवला तो नववीतला एक ऑफ तास. पावसानं पत्रे वाजत होते. मराठीच्या बाईंनी टॉलस्टॉयच्या ‘वॉर अँड पीस’मधली नाताशा सांगायला घेतली. शिकारीहून परतलेली मंडळी काकांच्या लाकडी घरात टेकलेली, काका गिटार छेडतायत, आणि फ्रेंच शिक्षिकेच्या हाताखाली वाढलेली ही सरदारघरची पोर शाल भिरकावून, कमरेवर हात ठेवून अस्सल रशियन नाच नाचते. शिकली कुठे? आनिस्या, काकांची कारभारीण, हसता हसता डोळे पुसते. बाईंनी पदर खोचला आणि खांद्याचा तो झोक आम्हाला करून दाखवला.

पुस्तक हातात यायला वीस वर्षं गेली. बाराशेवर पानं, लोकलमध्ये उभ्यानं वाचलेली. 1812 ची नेपोलियनविरुद्धची बोरोदिनोची लढाई, मॉस्कोची आग, नाताशाचं लग्न ज्याच्याशी ठरलं होतं त्या आंद्रेईचं मरण, रडले मी. मग उपसंहार आला. साल 1820. नाताशा आता आंद्रेईच्या मित्राची, पिएरची बायको, तीन मुली, एक तान्हा मुलगा. अंगानं सुटलेली. गाणं लग्नानंतर सोडलेलं. बाळाच्या लंगोटावर हिरव्याऐवजी पिवळा डाग दिसला म्हणून ती हरखून तो दाखवायला धावते.

तो डाग मला खटकला नाही. पोराचं पोट ताळ्यावर आलं की आई अशीच हरखते, मीही हरखले आहे. पण बायकांच्या हक्कांच्या गोष्टी तिला कळतच नव्हत्या, असं टॉलस्टॉय लिहितो आणि त्यातच तिचं भलं होतं असं धरून चालतो, तिथे माझं मन उतरलं. एवढा मोठा लेखक, आणि आपणच घडवलेल्या मुलीशी असा वागला!

माझ्या आईची पेटी लग्नानंतर माळ्यावर गेली. दर दिवाळीला ती पुसताना आई एखादी पट्टी दाबून बघायची. तेवढी हळहळ मी नाताशात शोधत राहिले. क्वचित कधी गायली तर जुनं तेज उजळायचं, असं जाता जाता म्हटलंय. बस, तेवढंच.

बाईंना फोन केला. “बाई, शेवट तुम्ही सांगितलाच नाहीत.”

“घंटा झाली होती गं,” बाई म्हणाल्या.

मला घंटा आठवत नाही. खोचलेला पदर तेवढा आठवतो.